अल्बम विकायला काढण्याआधी

वाशिमसारख्या गावात पोस्टाची तिकिटं जमवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे कुणाच्या माळ्यावरून जुना अल्बम निघाला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. कधी रिसोडहून, कधी कारंजाहून. आणणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, "याचे किती येतील?" मी लगेच उत्तर देत नाही, आधी चहा टाकायला सांगतो. एका कपात संपेल असा हा विषय नाही.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. पोस्ट ऑफिस तिकिटं परत घेत नाही. अल्बम घेऊन काउंटरवर गेलात तर तिथला माणूस फार तर कौतुकाने चार पानं चाळेल. तिकीट विकायचं ते दुसऱ्या संग्राहकाला किंवा संग्राहकांना माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला. म्हणजे आपल्याकडे काय आहे यापेक्षा समोरच्याकडे काय नाही, यावर भाव ठरतो.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. जुनं म्हणजे महाग, हे आधुनिक तिकिटांना लागू नाही. आधुनिक म्हणजे इथे मी स्वातंत्र्यानंतरची तिकिटं धरतोय. त्यातही १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्यानंतरची मुख्यतः. उदाहरण द्यायचं तर महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं तिकीट घ्या. १८ एप्रिल १९५८ ला, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी ते निघालं. हयातीतच तिकिटावर येण्याचा मान मिळालेले ते पहिले भारतीय. तिकीट सहा दशकांहून जुनं, गोष्ट सुंदर, आणि तरीही भाव किरकोळ. ते भरपूर छापलं गेलं आणि लोकांनी जपूनही ठेवलं.

अलीकडच्या तिकिटांचं तर विचारूच नका. १४ नोव्हेंबर २०१३ ला सचिन तेंडुलकर वानखेडेवर दोनशेवी कसोटी खेळायला उतरला त्याच दिवशी त्याची वीस-वीस रुपयांची दोन तिकिटं आणि एक मिनिएचर शीट निघाली. मिनिएचर शीट म्हणजे भोवती सजावटीची चौकट असलेला छोटा कागद, ज्यात एक किंवा अनेक तिकिटं बसवलेली असतात. अशी वस्तू कुणी पत्रावर डकवून टाकत नाही, सगळे कपाटात ठेवतात. जी वस्तू सगळ्यांच्याच कपाटात आहे तिला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो.

याला अपवाद आहेतच. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यातलं दहा रुपयांचं तिकीट न वापरलेलं आणि निर्दोष असेल तर आजही हजारोंच्या भाषेत बोललं जातं. पण त्याच्या नकलाही बाजारात बऱ्याच आहेत. आपल्या अल्बमात ते निघालं तर हुरळून जाऊ नका आणि घाईने विकूही नका, आधी जाणकाराला दाखवा. बाकी शंभरातल्या नव्याण्णव अल्बमांत ते नसतंच.

आता कामाला लागू. जेवणाचं टेबल किंवा सतरंजी मोकळी करा, पंखा बंद करा. वाशिमच्या मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणाचं आहे, कळतं मला. पण एकदा सगळी तिकिटं पलंगाखालून गोळा केली की आपणही तेच सांगाल. एक भिंग आणि सपाट टोकांचा चिमटा लागेल. बोटांना घाम असतो आणि तिकिटाच्या मागे डिंक असतो, म्हणून चिमटा. भुवया कोरायचा टोकदार चिमटा मात्र नको, तो कागदाला भोकं पाडतो.

पहिली विभागणी सोपी आहे, तरी चुका इथेच सुरू होतात. पोस्टाची तिकिटं एकीकडे. पावतीवर लावायचं रेव्हेन्यू तिकीट आणि कोर्ट फी स्टॅम्प दुसरीकडे. आपण बोलताना सगळ्यांनाच 'तिकीट' म्हणतो, पण त्यांचे संग्राहक वेगळे असतात. परदेशी तिकिटांचा तिसरा ढीग करा.

या तिसऱ्या ढिगात साधारण १९६५ ते १९७२ च्या काळातली भडक, मोठाली, चकचकीत तिकिटं सापडतील: अजमान, मनामा, फुजैरा, शारजा, रस अल खैमा. त्यांवर अंतराळवीर, वाघ, युरोपातली तैलचित्रं. त्या काळी शाळकरी मुलांना पाकिटातून शंभर-शंभर मिळायची ती हीच. आखातातल्या या छोट्या संस्थानांच्या नावावर परदेशी एजन्सींनी ती संग्राहकांसाठीच ढिगाने छापून घेतली. बरीचशी छापखान्यातून निघतानाच शिक्का मारून आली, पत्राला कधी लागलीच नाहीत. अशा शिक्क्याची खूण म्हणजे तो कोपऱ्यात अगदी नीटनेटका बसलेला असतो आणि मागचा डिंक तसाच असतो. आजोबांनी इतक्या प्रेमाने लावलेली पानं पाहून सांगताना जिवावर येतं, पण त्यांना भाव जवळजवळ नाही. नातवंडांना द्या. वाघ चांगले आहेत.

पुढची पायरी म्हणजे पाकिटांवरची तिकिटं. इथे थांबा, कात्री खाली ठेवा. माझ्या पाहण्यात सर्वात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं. पत्रासकट, पाकिटासकट किंवा पोस्टकार्डासकट असलेलं तिकीट कापून काढण्याआधी त्यावरचा शिक्का भिंगाखाली वाचा. गाव कोणतं, तारीख कोणती.

आपल्या भागापुरतं सांगायचं तर ब्रिटिश काळात वाशिमचं इंग्रजी स्पेलिंग 'बासिम' असं होतं. वऱ्हाडात बासिम नावाचा वेगळा जिल्हाच होता. १९०५ मध्ये तो मोडला, पुसद यवतमाळकडे गेलं, उरलेला भाग अकोल्यात. पुढे १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला. 'बासिम' असं वाचता येणारा शिक्का असलेलं कार्ड, कारंजाच्या कापूस व्यापाऱ्याच्या पेढीचा पत्रव्यवहार, मानोरा किंवा मंगरूळपीरच्या एखाद्या खेड्यातल्या शाखा डाकघराचा ठसठशीत शिक्का: याला म्हणतात टपाल इतिहास, आणि त्याचे वेगळे संग्राहक आहेत. तिकीट पन्नास पैशांचं असलं तरी ते पाकीट कुणाला तरी हवं असू शकतं. कापून काढलंत की उरतं फक्त पन्नास पैशांचं तिकीट.

तारीख वाचता येत नसेल तर एक छोटी युक्ती आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. शिक्क्यात किंवा पत्त्यात सहा आकडे असतील तर पाकीट त्यानंतरचं. नसतील तर आधीचं असेलच असं नाही, कारण पत्त्यात पिन लिहायचा कंटाळा आपण अजूनही करतो.

शिक्का पुसट, पाकीट फाटलेलं, तिकीट साधं, अशी पाकिटं मात्र खुशाल कापा. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापायचं, दात्यांना धक्का लावायचा नाही. दाते म्हणजे तिकिटाच्या कडेची ती कंगव्यासारखी नक्षी. त्यातला एक दाता तुटला तरी तिकीट 'खराब' या खान्यात जातं.

आता भिजवणं. पसरट ताटात साधं पाणी घ्या आणि तुकडे त्यात सोडा. वीस-पंचवीस मिनिटांत तिकीट आपोआप कागदावरून सरकतं. सरकत नसेल तर आणखी थांबा, पण ओढू नका. ओढलं की मागचा कागदाचा थर निघतो, तिकीट त्या जागी पातळ पडतं आणि उजेडात धरल्यावर ते लगेच दिसतं. लाल, जांभळ्या, तपकिरी पाकिटांचे तुकडे वेगळ्या ताटात भिजवा. लग्नपत्रिकेच्या लाल पाकिटाने माझी एकदा चाळीस तिकिटं गुलाबी करून ठेवली होती. निघालेली तिकिटं कोऱ्या पांढऱ्या कागदावर पालथी वाळवा, वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. उन्हात तर मुळीच नको. अर्धवट ओली असतानाच जाड पुस्तकात दाबली तर सपाट राहतात.

न वापरलेली, मागे डिंक असलेली तिकिटं कधीही भिजवू नका. हे सांगायची गरज पडते, म्हणून सांगतो. अशा तिकिटाला संग्राहक 'मिंट' म्हणतात. मिंट तिकिटाची अर्धी किंमत त्याच्या पाठीवर असते.

मग येते तपासणी. एकेक तिकीट चिमट्याने उचलून आधी पाठ बघा, मग तोंड. पाठीवर अल्बमाचा जुना कागदी तुकडा चिकटलेला असेल तर त्याला हिंज म्हणतात. हिंज लागलेलं मिंट तिकीट न लागलेल्यापेक्षा स्वस्त. फेविकॉलने किंवा सेलोटेपने चिकटवलेलं असेल तर ते विकायच्या यादीतून काढून टाका. तपकिरी ठिपके म्हणजे दमटपणाचा बुरशीसारखा डाग, संग्राहक त्याला गंज म्हणतात. हा डाग शेजारच्या तिकिटालाही लागतो, म्हणून डागाळलेली तिकिटं वेगळ्या पाकिटात ठेवा. पावसाळ्यात अल्बम लोखंडी पेटीत तळाशी दाबून ठेवला की हेच होतं. उभा ठेवा, अधूनमधून पानं उघडा.

घडी पडली आहे का, दाते पूर्ण आहेत का, चित्र चौकटीच्या मधोमध बसलंय का, शिक्का चेहऱ्यावर काळं फासल्यासारखा आहे की एका कोपऱ्यात हलका, हे सगळं बघा. या तपासणीत ढिगातली निम्मी तिकिटं गळाली तर वाईट वाटून घेऊ नका. गाळली नाहीत तर तो वाईटपणा नंतर गिऱ्हाईक घेईल, तेही चार लोकांसमोर.

जे उरलं ते ओळखायचं. भारतीय तिकिटांचे दोन मोठे प्रकार. एक स्मारक तिकीट: एखादी व्यक्ती, संस्था किंवा घटना यांच्या निमित्ताने एकदाच, मर्यादित संख्येने छापलेलं. गाडगे महाराजांचं १९९८ मधलं तिकीट या प्रकारातलं. दुसरं नेहमीचं, रोजच्या टपालासाठी वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा छापलेलं छोटं तिकीट. स्मारक तिकिटावर नाव आणि बहुतेक वेळा वर्षही छापलेलं असतं, त्यामुळे ओळखणं सोपं. नेहमीच्या तिकिटांत मात्र चित्र तेच असूनही कागदातला जलचिन्हाचा ठसा किंवा दात्यांची संख्या वेगळी असू शकते, आणि त्यावरून भाव बदलतो. त्या रानात पहिल्याच वर्षी शिरू नका. स्मारक तिकिटांपासून सुरुवात करा.

प्रत्येक स्मारक तिकिटासोबत टपाल खातं एक माहितीपत्रक काढतं. त्यात किती तिकिटं छापली, कोणत्या पद्धतीने, कुठल्या छापखान्यात, सगळं दिलेलं असतं. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसचं नाव आपल्याला तिथे वारंवार भेटेल. छपाईचा आकडा लाखांत असेल तर आपण एका गर्दीतलं तिकीट विकतोय हे लक्षात ठेवा.

आता मुख्य प्रश्न, भाव. इथे बहुतेकांचा पाय घसरतो तो कॅटलॉगवरून. कॅटलॉग म्हणजे तिकिटांची क्रमवार यादी, प्रत्येकापुढे किंमत. लंडनच्या स्टॅनली गिबन्सचा प्रसिद्ध आहे. आपल्याकडे माणिक जैन यांचं 'फिला इंडिया' मार्गदर्शक वापरतात. लोक त्यातली किंमत बघतात, तिकिटांच्या संख्येने गुणतात आणि स्कूटीची स्वप्नं बघू लागतात.

गिबन्सच्या यादीतली किंमत म्हणजे निर्दोष तिकीट ते स्वतःच्या दुकानात किती अंदाजाने विकतील तो आकडा. ती दुकानदाराची विक्रीची किंमत झाली, आपल्याला मिळणारी नाही. कापूस मंडीत कोणत्या भावाने जातो आणि त्याचंच शर्ट दुकानात कितीला मिळतं, एवढा साधा फरक आहे हा. शिवाय यादीतल्या सर्वात कमी किमती, म्हणजे काही पेन्स किंवा काही सेंट, या तिकिटाच्या नसतातच. ते तिकीट शोधून, पाकिटात घालून देण्याची ती मजुरी असते. आपल्या ढिगातली बहुसंख्य तिकिटं याच तळाच्या किमतीची निघतील.

मग खरा भाव कसा कळायचा? विकल्या गेलेल्या मालावरून. ईबेसारख्या परदेशी साइटवर फक्त विक्री झालेल्या वस्तू दाखवायची सोय आहे, ती लावून बघा. कुणी काय मागतोय ते बघू नका. एखाद्याने साध्या तिकिटाला पाच लाख मागितले म्हणून ते पाच लाखांचं होत नाही. मागायला पैसे लागत नाहीत. तेच तिकीट, तशाच अवस्थेतलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत चार-पाच वेळा कितीला गेलं, हे वहीत लिहा. सर्वात वरचा आकडा खोडा, सर्वात खालचाही खोडा. मधले जे राहतील त्याच्या आसपास आपला भाव.

एखादी वस्तू अजून फिलाटेली ब्युरोत, म्हणजे टपाल खात्याच्या संग्राहकांसाठीच्या विक्री विभागात, छापील किमतीला मिळत असेल तर त्याहून जास्त कोण देणार? आपल्याला सर्वात सोयीचा ब्युरो नागपूर जीपीओचा. विक्रीला ठेवण्याआधी तिथे काय उपलब्ध आहे याची चौकशी करा.

एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. गेल्या काही वर्षांतल्या स्मारक तिकिटांपैकी अनेक कोऱ्या अवस्थेत सहज मिळतात, पण खरोखर पत्राला लागून, टपालातून फिरून, शिक्का घेऊन आलेली मिळत नाहीत. पत्रंच कोण लिहितो आता, आणि काउंटरवर तर छापील बारकोडाची पट्टी लागते. १३ डिसेंबर २००६ ला निघालेलं चंदनाच्या वासाचं पंधरा रुपयांचं तिकीट घ्या. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे कोरं आहे, वास जाऊ नये म्हणून प्लास्टिकात. वापरलेलं दाखवा म्हटलं तर शोधावं लागेल. म्हणून वापरलेल्या नव्या तिकिटांना कचरा समजून फेकू नका, विशेषतः शिक्क्यात गाव आणि तारीख स्वच्छ असेल तर. मोठा पैसा यात नाही, पण मागणी आहे.

आता हिशेब करू. समजा एका तिकिटाचा भाव पाच रुपये निघाला. ते सुरक्षित पाठवायचं तर १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दराने पन्नास ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला गावाबाहेर ४७ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे पंचावन्नच्या घरात. पाच रुपयांच्या वस्तूला पंचावन्न रुपये टपालखर्च कोण भरेल? म्हणून स्वस्त तिकिटं एकेक विकायची नसतात, त्यांचे गट बांधायचे असतात. गटाला या धंद्यात लॉट म्हणतात.

लॉट बांधताना विषय धरा. रेल्वेची तिकिटं, पक्षी, महाराष्ट्रातले संत, क्रिकेट, स्वातंत्र्यसैनिक. आजचे बरेच संग्राहक देशापेक्षा विषयावर जमवतात, त्यामुळे 'शंभर मिश्र तिकिटं' यापेक्षा 'रेल्वेवरची बावीस वेगळी तिकिटं' लवकर जातात. 'वेगळी' हा शब्द महत्त्वाचा. एकच तिकीट दोनदा निघालं तर गिऱ्हाईक तक्रार करतं, आणि ते बरोबर असतं. लॉटमध्ये एक-दोन जरा बरी तिकिटं घाला आणि फोटोत ती वर ठेवा. सगळी चांगली बाजूला काढून उरलेल्या चोथ्याचा लॉट केला तर अनुभवी माणसाला ते पहिल्या नजरेत कळतं.

फोटो दिवसा, खिडकीजवळ, काळ्या कागदावर काढा. काळ्यावर दाते स्पष्ट दिसतात. महागातल्या तिकिटाची पाठही दाखवा. सुंदर दिसावं म्हणून फोनमधले रंग वाढवू नका, कारण रंगाची छटा हीच कधीकधी ओळख असते. वर्णनात वर्ष, किती तिकिटं, वापरलेली की मिंट, हिंज आहे की नाही, आणि दोष. दोष पहिल्या ओळीत लिहा. 'एका तिकिटाचा खालचा दाता तोकडा आहे' असं लिहिलं की विश्वास बसतो. 'दुर्मीळ', 'अतिदुर्मीळ', 'अमूल्य' हे शब्द वापरू नका, जाणकार ते वाचून पुढे जातात.

'चुकीची छपाई' याबद्दल दोन शब्द. रंग सरकलेला, दाते न पाडलेले, चित्र उलटं असे खरे छपाईदोष असतात आणि त्यांना किंमतही असते. पण उन्हात फिकट झालेलं किंवा रसायनाने रंग बदललेलं तिकीट हा छपाईदोष नव्हे. यूट्यूबवर कुणी 'हे तिकीट असेल तर लखपती व्हाल' म्हणत असेल तर व्हिडिओ बंद करून पुढचा ढीग लावायला घ्या.

कुठे विकायचं? वाशिममध्ये दुकान थाटून नाही, एवढं नक्की. पहिला मार्ग व्यापाऱ्याला एकगठ्ठा देण्याचा. भाव कमी मिळेल, पण एका दिवसात मोकळे व्हाल. पाचशे अतिसामान्य तिकिटांना हाच मार्ग शहाणपणाचा. दुसरा प्रदर्शनाचा. टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळाचं राज्यस्तरीय प्रदर्शन महापेक्स म्हणून ओळखलं जातं. २०२५ च्या जानेवारीत ते मुंबईत झालं. प्रदर्शनांत व्यापाऱ्यांची टेबलं असतात. पहिल्यांदा विकायला नका जाऊ, नुसते हिंडा, भाव विचारा, लोक कशासाठी वाकून बघतात ते पाहा. एक दिवस असा घालवला की महिनाभराचं वाचन होतं. ऑक्टोबरात ९ तारखेच्या जागतिक टपाल दिनाच्या आसपास डाक सप्ताह असतो, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणीही छोटे कार्यक्रम होतात.

तिसरा मार्ग ऑनलाइन. ईबेची भारतीय साइट २०१८ मध्ये बंद झाली. परदेशी साइटवर खातं उघडून विकणं शक्य आहे, पण परदेशी टपाल, विनिमय दर, साइटची दलाली यांचा हिशेब नवख्याला झेपत नाही. त्यापेक्षा फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर संग्राहकांचे गट आहेत, तिथे लिलाव चालतात. आधी महिनाभर गप्प बसून पाहा, कोण वेळेवर पैसे देतं, कोणाबद्दल तक्रारी येतात. मग स्वतःचा पहिला लॉट टाका, शंभर-दोनशे रुपयांचाच.

पैशांच्या बाबतीत दोन फसवणुकी ठरलेल्या आहेत. एकीत फोन येतो, "तुमची जुनी तिकिटं, नाणी, नोटा आम्ही लाखोंना घेतो, फक्त नोंदणीची किंवा कराची रक्कम आधी भरा." जुन्या नोटा-नाण्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असं चालतं, म्हणून बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. माल विकायला विकणारा कधीच आधी पैसे भरत नाही. दुसरीत समोरचा यूपीआयवर 'पैसे पाठवतो' म्हणतो आणि उलट आपल्यालाच पिन टाकायला सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांना मोठ्याने वाचून दाखवा.

आणखी एक गोष्ट लोक बचतीच्या नावाखाली करतात. शिक्का पुसून किंवा शिक्का न लागलेलं वापरलेलं तिकीट पुन्हा पत्राला लावतात, किंवा 'कोरं' म्हणून विकतात. पहिला प्रकार कायद्याने गुन्हा आहे. दुसरा संग्राहकांच्या गटात एकदा उघडकीला आला की आपलं नाव तिथे कायमचं संपतं.

सौदा ठरला, पैसे आले, आता पाठवणी. तिकिटं ग्लासिन पाकिटात घाला. तो बटर पेपरसारखा गुळगुळीत कागद असतो, डिंकाला चिकटत नाही. ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. पुठ्ठा लग्नपत्रिकेचा चालतो, जुन्या वहीचा चालतो. पुठ्ठे चिकटपट्टीने बांधताना पट्टी ग्लासिनला लागू देऊ नका. किमती वस्तू स्पीड पोस्टनेच पाठवा. जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. ज्याच्या नावे आहे त्याच्याच हाती पडावं अशी खात्री हवी असेल तर पाच रुपये आणि जीएसटी जास्तीचे भरून ती सोय घेता येते. पावतीचा फोटो लगेच गिऱ्हाइकाला धाडा. टपालखर्च कोणाचा, हे सौद्याआधी ठरलेलं असावं. निम्मी भांडणं या पंचावन्न रुपयांवरून होतात.

अल्बम विकून झाल्यावर काहीजण विचारतात, मग पोस्टातून नवी तिकिटं घेऊन ठेवली तर? आवडीसाठी जरूर घ्या. २०० रुपये भरून फिलाटेली ठेव खातं उघडलं की नवी तिकिटं निघतील तशी घरपोच येतात. पण दामदुप्पट होईल या आशेने पूर्ण शीट घेऊन ठेवू नका. ज्यांनी ऐंशीच्या दशकात हे केलं, त्यांच्या शीट आज छापील किमतीच्या आसपास किंवा खालीच विकल्या जाताना मी पाहतो. घरात सहावी ते नववीतलं मूल असेल तर मात्र वेगळा विचार करा. दीनदयाळ स्पर्श योजनेत २०१७ पासून तिकीटसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, देशभरात ९२० जणांना. त्यासाठी शाळेतल्या फिलाटेली क्लबचं सदस्यत्व किंवा स्वतःचं ठेव खातं लागतं, अभ्यासात ठीकठाक गुण लागतात आणि एक परीक्षा व प्रकल्प असतो. आजोबांचा विकला न गेलेला ढीग त्या मुलाच्या कामी सगळ्यात जास्त येईल.

न विकलेली कोरी तिकिटं आणखी एका कामाची. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये लागतात. वीस पैशांची पंचवीस लावायची म्हटली तर पत्त्याला जागा उरत नाही, पण एक-दोन रुपयांची जुनी स्मारक तिकिटं छान बसतात. कमी किमतीचा लॉट साध्या टपालाने पाठवायला गिऱ्हाईक तयार असेल तर पाकिटावर अशी तिकिटं लावा. त्याला लॉटसोबत नव्याने वापरलेली चार तिकिटंही मिळतात आणि पुढच्या वेळी तो आपल्याला स्वतःहून विचारतो. फक्त पाकीट लाल पेटीत टाकू नका. काउंटरवर जा, दुपारची गर्दी ओसरल्यावर, आणि साहेबांना विनंती करा की पेनाने रेघ मारू नका, तारखेचा शिक्का हलक्या हाताने, एका कोपऱ्यात मारा. बहुतेक जण मारतात. शिक्क्याला शाई जास्त झाली असेल तर आधी रद्दी कागदावर एकदा मारून घ्यायला सांगायला विसरू नका.